मंदीतला धान, लढाईतला धान



मागे लाखोळीच्या उतेऱ्यावर लिहिलं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं होतं, की जुने लोक ही डाळ एवढी का पेरत होते. त्याचं उत्तर शेतीच्या पुस्तकापेक्षा आमच्या घरच्या हकिकतीत जास्त सापडते. म्हणून आज १९२९ ते १९४५ या काळाचं लिहितो. आमचा आजा तेव्हा चामोर्शीला राहायचा, जमीन मार्कंड्याला वैनगंगेच्या अंगाला. जिल्हा चांदा, प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून अर्धं शतक होतं. यातलं बरंचसं आजीच्या तोंडून ऐकलेलं आहे, थोडं आजाच्या पेटीतल्या पावत्यांवरून.

गावात मालगुजारी होती, आम्ही कुळ. लगान रोख द्यायचा, आणि तो रुपयात ठरलेला. पीक येवो की बुडो, भाव चढो की पडो, पावतीवरचा आकडा हलत नव्हता. १९२९ च्या शेवटी अमेरिकेत शेअर बाजार कोसळला. चामोर्शीच्या माणसाला त्याचं काय? पण दोन-तीन वर्षांत धानाचा भाव निम्म्यावर आला. त्यात ब्रह्मदेशाचा स्वस्त तांदूळ. तो मुलूख १९३७ पर्यंत हिंदुस्थानातच मोडत होता, त्यामुळे अडवणार कोण? आता हिशेब करून पाहा. ज्या लगानासाठी आधी दोन खंडी धान विकल्या जाये, त्यालाच चार खंडी लागू लागला. बांध्या तेवढ्याच, बैल तेवढेच, पाऊसही तोच. आजी म्हणायची, "ढोलीत धान होता, पण मिठाला पैसा नव्हता." मंदी समजून घ्यायला मला यापेक्षा सोपं वाक्य मिळालं नाही.

मग सोनं निघालं. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्रज सरकारनं पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून रुपयातला सोन्याचा भाव चढला. धान मातीमोल आणि सोनं महाग, अशी ती उलटी वेळ होती. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या गळ्यातलं सोनं सराफांकडे गेलं, तिथून मुंबईला आणि बोटींनी विलायतेला. वर्षानुवर्षं ते चाललं. आजीची एकदाणी १९३२ साली चांद्याला विकल्या गेली. भाव चांगला मिळाला, त्यात फसवणूक नव्हती. त्या पैशात दोन वर्षांचा लगान निघाला.

तिसऱ्या वर्षी तलावाखालची बांधी गहाण पडली. आमच्या सगळ्या जमिनीत तीच एक हमखास पिकणारी. सावकाराचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं आता आमच्या बसण्या-उठण्यातली आहेत. याच सुमारास, १९३३ मध्ये, आपल्या प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा आला. पंजाब-बंगालच्या आधी आपल्याकडे आला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मंडळासमोर कुळ आणि सावकार दोघांना बोलवायचं, दोघं राजी झाले तर रक्कम कमी करायची आणि हप्ते पाडायचे. पण सावकार राजी व्हायला पाहिजे ना! आमच्याकडे व्याज थोडं सुटलं, मुद्दल तसंच राहिलं.

या वर्षांत घर जगलं ते बाजारात न गेलेल्या मालावर. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी ओलीतच लाखोळी फेकायची. नांगर नाही, खत नाही, बियाणं घरचं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचून वाळवायची. तलावात मासे. सावकाराला आणि मालगुजाराला धान पाहिजे होता, लाखोळीला फारसं कोणी विचारत नव्हतं, म्हणून ती घरात उरली. नुसती लाखोळीच महिनोन् महिने खाल्ली तर पाय लुळे पडतात हेही लोकांना माहीत होतं. आजी ती रात्रभर भिजवून पाणी फेकायची आणि भातासोबतच द्यायची.

१९३९ ला लढाई लागली. पहिली दोन वर्षं आमच्याकडे नुसत्या बातम्या. खरा फरक पडला तो मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर. ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला, तिकडचं रॉकेलही थांबलं. ज्या तांदळानं आमचा भाव पाडला होता, तोच आता येईना. धानाला विचारणा सुरू झाली. पण आता दुसरंच दुखणं. हातात पैसा, आणि दुकानात माल नाही. कापड कंट्रोलचं, रॉकेल मोजून. दिव्यात करंजीचं नाही तर मोहाच्या बियांचं तेल. चांदी वाचवायला सरकारनं एक रुपयाची नोट काढली, पुढे १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. आजीनं पहिल्यांदा तो पाहून विचारलं होतं, "मधला भाग कोणं खाल्ला?"

त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं उपाशी मेली. धानाचा भाव चढला म्हणून आम्ही सुटलो, आणि तिकडे भाव चढला म्हणून माणसं मेली. ही गोष्ट सांगताना आजा गप्प व्हायचा.

ऑगस्ट १९४२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात चिमूरला उठाव झाला, तुकडोजी महाराज तुरुंगात गेले. त्याबद्दल पुष्कळ लिहिल्या गेलं आहे, म्हणून मी थांबतो.

आजानं त्या काळात एक काम केलं. लढाईमुळे सागवानाला मागणी होती, तर धानकापणी झाली की बंडी घेऊन तो जंगलाच्या कामाला जायचा, लाकूड बल्लारशाच्या रेल्वेकडे. मजुरी रोख. त्या मजुरीत चढ्या भावाचा धान मिळवून १९४४ साली बांधी सोडवली. कर्ज जेव्हा झालं तेव्हा एक रुपया फेडायला जेवढा धान लागला असता, त्यापेक्षा कितीतरी कमी धानात तो रुपया फिटला. मंदीनं कर्ज जड केलं, महागाईनं हलकं केलं. सावकारानं कागद परत दिला, पण तोंड आंबट करून.

एकदाणी मात्र परत घेता आली नाही. लढाईत सोनं आणखी चढलं होतं. बांधी अजून आमच्याकडे आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे गेला, आणि आता त्यात अर्धा गाळ आहे.

कोणाच्या घरी त्या वर्षांच्या लगानाच्या पावत्या किंवा गहाणखत जपून ठेवलेलं असेल तर सांगा. तुमच्याकडे खंडीचा भाव काय होता, ते मला पाहायचं आहे.