मार्स पाथफाइंडर (1997) आणि कर्नलमधील समकालनदोषाचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना : संगणकाच्या इतिहासलेखनात नव्या शोधांची नोंद होते, दोषनिवारणाचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात मार्स पाथफाइंडर यानातील दोषाचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी : अनेक कार्ये एकच साधन वापरू लागली, की त्यांच्यात समकालन आवश्यक ठरते. त्यासाठी डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात ‘सेमाफोर’ ही संकल्पना मांडली. तथापि, कुलूप कनिष्ठ कार्याकडे असेल तर वरिष्ठ कार्यास थांबावे लागते आणि मधल्या अग्रक्रमाची कार्ये कनिष्ठाला पुढे सरकू देत नाहीत. हा ‘अग्रक्रम-विपर्यास’ लॅम्पसन व रेडेल यांनी 1980 मध्ये नोंदविला. कुलूप असेपर्यंत कनिष्ठास वरिष्ठाचा अग्रक्रम देणे, या ‘अग्रक्रम-वारसा’ उपायाचे सविस्तर विवेचन शा, राजकुमार व लेहोत्स्की यांनी 1990 मध्ये केले.

घटना व शोध : 4 जुलै 1997 रोजी यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्यावरील संगणक वारंवार पुनःप्रारंभित होऊ लागला. हवामाननोंदींचे कनिष्ठ कार्य कुलूप धरून अडकत असे. परिणामी माहितीवहनाचे वरिष्ठ कार्य वेळेत पूर्ण होत नसे. हे लक्षात येताच त्रुटी-हाताळणीची व्यवस्था संपूर्ण यंत्रणा नव्याने सुरू करी. यान सुरक्षित राही, परंतु त्या दिवसाचे उर्वरित काम दुसऱ्या दिवसावर जाई.

जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर हा दोष पुन्हा घडवून आणला व घटनाक्रमाच्या नोंदींवरून कारण निश्चित केले. व्हीएक्सवर्क्स कार्यप्रणालीत अग्रक्रम-वारशाची सोय होतीच. संबंधित कुलपासाठी ती बंद होती. यानाकडे बदल पाठवून ती सुरू करण्यात आली.

विवेचन : उड्डाणपूर्व चाचण्यांतही असे पुनःप्रारंभ दिसले होते, मात्र ते हुकमी घडविता न आल्याने कारण सापडले नव्हते. समकालनदोष कार्यांच्या वेळांच्या विशिष्ट जुळणीवर अवलंबून असतो, हे त्यामागील कारण होय. शिवाय त्रुटी-हाताळणी परिणाम सावरते, कारण सांगत नाही.

निष्कर्ष : उपाय सात वर्षे आधी प्रसिद्ध होता व यंत्रणेत उपलब्धही होता. म्हणजे ज्ञानाची निर्मिती आणि त्याचा वापर यांत अंतर होते. ते अंतर येथे घटनाक्रमाच्या नोंदींमुळे भरून निघाले. साधनांच्या चिकित्सेवर उभ्या असलेल्या इतिहासाच्या अभ्यासकास ही पद्धती परकी वाटू नये.