धूसर घरांचा देश : जर्मनी, छायाचित्र आणि खासगीपणा (दीर्घ धागा)

२०१० सालच्या नोव्हेंबर महिन्यात कुणी संगणकावर बर्लिन, म्युनिक किंवा हॅम्बुर्गमधला एखादा रस्ता उघडून त्यावरून ‘चालू’ लागला असता, तर त्याला एक चमत्कारिक दृश्य दिसले असते. पदपथ स्वच्छ, झाडांची पाने स्वच्छ, दुकानांच्या पाट्या वाचता येण्याजोग्या. आणि ओळीने उभ्या असलेल्या इमारतींमध्ये मध्येच एखादी इमारत दुधी काचेमागे गेल्यासारखी पुसट. पायापासून छपरापर्यंत.

हा तांत्रिक दोष नव्हता. तिथे राहणाऱ्या कुणीतरी रीतसर अर्ज करून आपले घर जगाच्या नजरेतून पुसून घेतले होते. असे अर्ज २,४४,२३७ कुटुंबांनी केले. गूगलने ‘स्ट्रीट व्ह्यू’साठी तेथे निवडलेल्या २० शहरांतील कुटुंबांत हे प्रमाण २.८९ टक्के पडते.

आजचा धागा या धूसर घरांविषयी. मित्रहो, प्रश्न साधा वाटतो. घराचा दर्शनी भाग रस्त्यावरून जाणारा कुणीही पाहतो. मग त्याच्या छायाचित्राला हरकत कशाची? उत्तरासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

१८३८ साली लुई दागेरने पॅरिसमधील बुलेव्हार द्यु टाँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र उंचावरच्या खिडकीतून घेतले. त्या काळी पत्र्यावर काही मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागे. त्यामुळे धावत्या घोडागाड्या आणि पादचारी चित्रातून नाहीसे झाले. उरला तो बूट चकचकीत करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. छायाचित्रात टिपला गेलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. आणि आपण टिपले जात आहोत हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. म्हणजे रस्त्याचे छायाचित्र आणि नकळत टिपला गेलेला माणूस ही जोडी छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे.

पुढे कॅमेरा हातात मावू लागला. १८८८ चा कोडॅक २५ डॉलरना मिळे आणि त्यात १०० छायाचित्रांची फिल्म भरलेली असे. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावर तो सुप्रसिद्ध लेख लिहिला. झटपट छायाचित्रे आणि वृत्तपत्रांचा चोंबडेपणा हे त्यांच्या तक्रारीचे दोन विषय होते.

पण आपली कथा जर्मनीची आहे, आणि तिथली ठिणगी एका मृत्युशय्येजवळ पडली.

३० जुलै १८९८ च्या रात्री ओटो फॉन बिस्मार्क याचे हॅम्बुर्गजवळच्या फ्रीडरिख्सरूह येथे निधन झाले. साम्राज्य घडवणारा चॅन्सेलर अखेरच्या घटका मोजत असताना हॅम्बुर्गचे दोन छायाचित्रकार बातमीची वाट पाहत होते. घरातली खबर मिळावी म्हणून त्यांनी तिथल्या एका वनरक्षकाला पैसे चारले होते. मृत्यूची वार्ता कळताच पहाटेच्या अंधारात ते खिडकीतून आत शिरले, मॅग्नेशियमचा झोत पाडून त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र घेतले आणि ते विकण्याच्या खटपटीला लागले.

बिस्मार्कच्या कुटुंबाने न्यायालयात धाव घेतली. आता गंमत पाहा. माणसाच्या प्रतिमेवर त्याचा स्वतःचा अथवा त्याच्या आप्तांचा हक्क असतो, असे सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. १८९९ मध्ये साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला खरा. परंतु त्याचा आधार घरात केलेली घुसखोरी हा होता. छायाचित्रकारांना तुरुंगवास घडला. ते चित्र अर्धशतकाहून अधिक काळ जगासमोर आले नाही. प्रश्न मात्र शिल्लक राहिला : ते दोघे खिडकीतून आत शिरलेच नसते, बाहेरूनच चित्र घेते, तर?

या प्रश्नाला १९०७ च्या कलाकृती-हक्क कायद्याने उत्तर दिले. व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीवाचून प्रसारित करता येणार नाही, असा नियम झाला. त्याला काही अपवाद जोडले गेले आणि त्यातला एक आपल्या कामाचा आहे. एखाद्या स्थळाच्या अथवा निसर्गदृश्याच्या चित्रात जी माणसे निव्वळ ओघाने आलेली असतील, त्यांची संमती लागणार नाही. जर्मन कायद्याने अशा माणसांसाठी ‘बायव्हेर्क’ हा शब्द वापरला. म्हणजे मुख्य विषयासोबत आलेली किरकोळ भर. बुलेव्हार द्यु टाँप्लवरचा तो बूटवाला माणूस म्हणजे शुद्ध ‘बायव्हेर्क’! ही तरतूद आजही लागू आहे. इमारतींच्या बाबतीत तर कायदा त्याहून उदार राहिला. सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते त्याचे चित्र काढण्यास मोकळीक, तिला तिकडे ‘पॅनोरामाफ्रायहाइट’ म्हणतात.

म्हणजे १९०७ च्या चौकटीत चेहऱ्याला संरक्षण होते, घराच्या भिंतीला नव्हते. मग २०१० मध्ये लोक भिंतीसाठी का भांडले?

‘नाझी राजवट आणि श्टाझी यांच्या आठवणीमुळे’, हे उत्तर तुम्ही अनेकदा वाचले असेल. ते खोटे नाही, पण फार सोपे आहे. श्टाझी पूर्व जर्मनीतली. माहितीसंरक्षणाचा जगातला पहिला कायदा १९७० साली केला तो पश्चिम जर्मनीतल्या हेसन राज्याने. त्या कायद्यामागची तातडीची भीती शासकीय संगणकांची होती. जुन्या आठवणीने तिला धार आली, एवढे म्हणता येईल.

ती धार १९८३ मध्ये दिसली. पश्चिम जर्मनीत त्या वर्षी एप्रिलमध्ये जनगणना व्हायची होती. प्रश्नावलीतली उत्तरे स्थानिक नोंदवह्यांशी ताडून पाहण्याची मुभा प्रशासनाला मिळणार होती. लोक खवळले. १९३९ च्या जनगणनेत आजी-आजोबांच्या वंशाची माहिती वेगळ्या पत्रिकेवर भरून घेतली गेली होती, हे विसरायला चव्वेचाळीस वर्षे पुरेशी नव्हती. संविधान न्यायालयाने आधी जनगणना रोखली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी तो ऐतिहासिक निकाल दिला. त्यातून ‘माहितीविषयक स्वनिर्णयाचा अधिकार’ जन्माला आला : आपल्याविषयीची माहिती कुणाला आणि कशासाठी द्यायची, हे ठरवण्याचा मूळ अधिकार त्या त्या व्यक्तीचा.

या निकालातला एक विचार मला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. संगणकाच्या युगात कोणतीही माहिती क्षुल्लक उरत नाही, असे न्यायालयाने बजावले. सुटी असताना निरुपद्रवी दिसणारी नोंद दुसऱ्या नोंदीला जोडली की तिचा अर्थ पालटतो. आता घराच्या भिंतीकडे पुन्हा पाहा. रस्त्याने जाणारा ती पाहतो आणि विसरतो. यंत्र ती पत्त्यासह साठवते, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून शोधता येईल अशी ठेवते. भिंत तीच, पण ती आता नोंद झालेली असते.

असे यंत्र प्रथम बनले तेही लष्कराच्या पैशावर. १९७६ मध्ये इस्रायली कमांडोंनी युगांडातील एन्टेबी विमानतळावरून ओलिसांची सुटका केली. त्याची तयारी त्यांनी विमानतळाच्या प्रतिकृतीवर केली होती. परक्या स्थळाचा असा सराव संगणकावर करता येईल का, या विचारातून अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने एमआयटीला निधी दिला. १९७८ च्या सुमारास कोलोरॅडोतील ॲस्पेन गावात गाडीच्या टपावर कॅमेरे बसवून दर १० फुटांवर एक चित्र घेतले गेले. अंतर मोजायला गाडीमागे सायकलचे चाक बांधले होते. ‘ॲस्पेन मूव्ही मॅप’ हा स्ट्रीट व्ह्यूचा खापरपणजोबा.

खुद्द स्ट्रीट व्ह्यू २५ मे २००७ रोजी अमेरिकेतल्या पाच शहरांपासून सुरू झाले. तक्रारीही लगोलग आल्या. पुढल्या वर्षी चेहरे आपोआप धूसर करणारी प्रणाली आली. (ती इतकी इमानी की २०१६ मध्ये केंब्रिजमधल्या एका गाईचेही तोंड तिने झाकले.) २००९ मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटन गावच्या रहिवाशांनी गाडीच आडवली. जपानमध्ये कॅमेरा कुंपणापलीकडे डोकावतो म्हणून त्याची उंची ४० सेंटिमीटरने कमी करून चित्रण पुन्हा करावे लागले. पिट्सबर्गच्या एका दाम्पत्याचा खासगी वाटेवरील चित्रणाविरुद्धचा दावा २०१० मध्ये एका डॉलरच्या भरपाईवर मिटला. स्वित्झर्लंडमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की आपोआप धूसर करण्यात १ टक्क्यापर्यंत चूक चालेल, मात्र बागा नि अंगणे माणसाच्या नजरेपेक्षा उंचावरून टिपू नयेत.

जर्मनीतला तंटा मात्र निराळ्या वळणावर गेला. सर्वांचे लक्ष गाडीच्या टपावरच्या कॅमेऱ्याकडे होते. हॅम्बुर्गचे माहितीसंरक्षण आयुक्त योहानेस कास्पर यांनी वेगळी विचारणा केली : या गाड्या वायफायचे संदेशही टिपतात काय? २७ एप्रिल २०१० रोजी गूगलने खुलासा केला की गाड्या फक्त वायफाय जाळ्यांची नावे आणि उपकरणांचे क्रमांक नोंदवतात. जाळ्यातून वाहणारा मजकूर नव्हे. आयुक्तांना तपासणी हवी होती. अवघ्या अडीच आठवड्यांनी, १४ मे रोजी, कंपनीने कबुली दिली की आधीचा खुलासा चुकीचा होता. कुलूप न लावलेल्या जाळ्यांतून वाहणारा मजकूरही गाड्यांनी गोळा केला होता. तीसहून अधिक देशांत, सुमारे ६०० गिगाबाइट. काही ठिकाणी त्यात संपूर्ण ईमेल आणि पासवर्डही असल्याचे ऑक्टोबरमध्ये मान्य झाले.

लोक भिंतीसाठी भांडत होते, तेव्हा भिंतीच्या आतले संभाषण कधीच गाडीत जाऊन बसले होते. कॅमेरा दिसत होता, म्हणून त्याच्यावर राग निघाला. अँटेना कुणाला दिसली नव्हती. शिक्षा म्हणाल तर हॅम्बुर्गने २०१३ मध्ये १,४५,००० युरोंचा दंड ठोठावला आणि त्या वेळचा कायदा यापेक्षा फारशी मोठी रक्कम लावूच देत नाही, अशी खंत कास्पर यांनी जाहीरपणे व्यक्त केली.

अशा वातावरणात ऑगस्ट २०१० मध्ये गूगलने २० शहरांची घोषणा केली आणि चित्रे झळकण्यापूर्वीच हरकत नोंदवण्याची सोय दिली. वरचे अडीच लाखांच्या जवळ जाणारे अर्ज ते हेच. नियमात एक मेख होती. इमारतीतल्या एकाही भाडेकरूने हरकत घेतली की सारी इमारत पुसट होई, आणि एकदा पुसलेले परत आणता येत नसे. शेजाऱ्याला आपले घर दिसावेसे वाटत असेल तर? त्याचा स्वनिर्णय कुठे गेला, याचे समाधानकारक उत्तर मला त्या काळच्या चर्चेत सापडत नाही.

उलट टोकाची माणसेही होती. बव्हेरियातील ओबरश्टाउफेन या पर्यटनाच्या गावाने गूगलच्या स्वागतासाठी केक बनवला. एसेन शहरात तर काही धूसर केलेल्या घरांवर अंडी फेकली गेली आणि गूगलची तारीफ करणाऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या गेल्या. जी घरे नजरेआड जाऊ पाहत होती, ती त्या पुसटपणामुळेच नजरेत भरली.

बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने रस्त्यावरून घेतलेली अशी छायाचित्रे कायदेशीर ठरवली. पॅनोरामाची जुनी मोकळीक टिकली. तरीही एप्रिल २०११ मध्ये गूगलने जर्मनीतले नवे चित्रण थांबवले. न्यायालयात जिंकलेली कंपनी रस्त्यावरून मागे फिरली. पुढली बारा वर्षे जर्मनीचा हा नकाशा जवळजवळ त्याच वीस शहरांपुरता आणि त्याच जुन्या चित्रांवर गोठून राहिला.

आपल्याकडे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. मे २०११ मध्ये बंगळुरूत गाड्या निघाल्या आणि पुढच्याच महिन्यात पोलिसांनी त्या थांबवल्या. कारण सुरक्षेचे. २०१६ मध्ये केंद्राने प्रस्ताव नाकारला तोही सुरक्षेच्याच मुद्द्यावर. जर्मनीत हरकत घरमालकाची आणि भाडेकरूची होती. इथे ती राज्यसंस्थेची होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. परंतु स्ट्रीट व्ह्यूचे दार उघडले ते २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांमुळे. रस्त्यांवरचे असे चित्रण भारतीय संस्थांनीच करावे, अशी त्यांची अट होती. जुलै २०२२ मध्ये दहा शहरांची चित्रे खुली झाली, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते. चित्रण मुंबईच्या जेनेसिस आणि पुण्याच्या टेक महिंद्र या कंपन्यांनी पुरवले. घरे पुसून घेण्यासाठी इथे रांगा लागल्या नाहीत.

जर्मनीत गाड्या २०२२ मध्ये पुन्हा फिरल्या. जुलै २०२३ मध्ये नवी चित्रे आली आणि २०१० ची जुनी चित्रे, त्यांतल्या धूसर घरांसह, काढून टाकण्यात आली. ज्यांनी तेव्हा अर्ज केले होते त्यांची जुनी हरकत नव्या चित्रांना लागू झाली नाही. घर पुन्हा पुसायचे असेल, तर त्यांना नव्याने अर्ज करावा लागला.