मुंबईतील जॅझ आणि गोमंतकीय तरुण वादक (१९३५ ते १९७८)

प्रस्तावना :
मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासलेखनात संगीत नाटक, तमाशा व शास्त्रीय मैफली यांची दखल विस्ताराने घेतली गेली आहे. त्या तुलनेत हॉटेलांच्या नृत्यदालनांत रात्री वाजणाऱ्या जॅझकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. हे संगीत आत्मसात करणाऱ्या गोमंतकीय तरुण वादकांच्या वाटचालीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हॉटेलातील व्यासपीठ :
१९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद आला. पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनीही तेथे वादन केले. याच काळात गोव्यातील तरुण उपजीविकेसाठी मुंबईत येत होते. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. हेच त्यांचे भांडवल होते. मात्र जॅझमधील उत्स्फूर्त स्वरविस्तार कागदावर लिहिलेला नसतो. तो त्यांना ऐकून आणि प्रत्यक्ष वाजवूनच शिकावा लागला. हळदोणे येथे १९१६ मध्ये जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ हे याचे ठळक उदाहरण होय. ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्यांनी ताजमध्ये स्वतःचा वाद्यवृंद चालविला आणि ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले.

चित्रपटसृष्टीकडे :
१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रजीवनावर मर्यादा आल्या. दुसरीकडे चित्रपटसंगीतातील वाद्यमेळ विस्तारत होता. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा सहभाग होता. त्यांचा वाद्यवृंद त्यात पडद्यावरही दिसतो. परंतु असे दर्शन अपवादात्मकच होते. बहुतेक वादकांचे काम ध्वनिमुद्रणापुरते राहिले आणि श्रेय संगीतकाराच्या नावावर जमा झाले. माजोर्डा येथील व्हायोलिनवादक व वाद्यवृंद संयोजक अँथनी गोन्साल्विस यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गीतामुळे घरोघरी पोहोचले. संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होते. तरीही बहुसंख्य श्रोत्यांना ते नाव काल्पनिकच वाटले.

निष्कर्ष :
१९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव झाला, तेव्हा नृत्याची साथ म्हणून नव्हे, तर बसून ऐकण्याचे संगीत म्हणून जॅझला जाहीर व्यासपीठ लाभले. परंतु ज्यांच्या तारुण्यातील परिश्रमांवर ही परंपरा उभी राहिली, त्यांपैकी चिक चॉकलेट १९६७ मध्येच निवर्तले होते. संगीताचा इतिहास केवळ संगीतकार व गायक यांच्या नावांनी पूर्ण होत नाही. वाजविणाऱ्या हातांची नोंद झाल्याशिवाय तो अपुराच राहतो, असे म्हणावे लागते.