सीट की स्पेशल?

डोंगरकड्याच्या पाटीवर उभं राहून तुम्ही कधी काळी-पिवळीला हात केला असेल, तर 'सीट की स्पेशल?' हा प्रश्न ओळखीचा असेल. सीट म्हटलं की दाटीवाटीनं बसायचं, आपल्या जागेपुरते पैसे द्यायचे. स्पेशल म्हटलं की अख्खी गाडी तुमची. नेट-पेट झाली पण विषय सापडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाशी जरा थांबावं. त्यात आपल्या भागातल्या प्रवासाचा बराच इतिहास दडलाय.

सुरुवात 1932 पासून करू. तेव्हा आपण हैदराबाद संस्थानात. त्या वर्षी निजामाच्या रेल्वेनं 27 बस आणि 166 कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक खातं काढलं. रेल्वेला बस कशाला हव्या होत्या? खासगी मोटारी देशभर तिचे प्रवासी पळवू लागल्या होत्या. हीच चिंता ब्रिटिश हद्दीतल्या 1933 च्या मिचेल-कर्कनेस अहवालात दिसते, आणि तिथूनच वाट जाते 1939 च्या मोटार वाहन कायद्याकडे.

त्या कायद्यानं प्रवासी गाड्यांचे दोन कप्पे पाडले. वाटेत माणसं चढवत-उतरवत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारी ती टप्पा वाहतूक. पूर्ण गाडी एका करारानं ठरवून नेणारी ती कंत्राटी वाहतूक. म्हणजे आपलं सीट आणि स्पेशलच की! पुढं टप्पा वाहतूक हळूहळू एसटीकडे गेली (मराठवाड्याची सेवा 1961 मध्ये राज्याच्या महामंडळात आली), आणि जीपवाल्याच्या वाट्याला कागदावर उरलं ते कंत्राट.

आता गंमत बघा. 1988 च्या कायद्यातली कंत्राटी वाहनाची व्याख्या शेवटपर्यंत वाचा. बरेच जण अर्ध्यावर सोडतात. आधी ती बजावते की करारात नसलेला माणूस वाटेत घ्यायचा नाही. आणि शेपटात म्हणते की मॅक्सीकॅबही यातच धरावी. मोटारकॅबनं प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घेतलं तरी चालेल, अशी पुस्तीही तिथंच जोडलेली आहे. रस्त्यावर जे चालतं ते कायद्याला पुरतं नाकारता येईना, म्हणून हे ठिगळ, असं माझं वाचन आहे. तुम्हाला वेगळं वाटलं तर जरूर भांडा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. थायलंडमधल्या पट्टाया या समुद्रकाठच्या शहरात पिकअप गाडीच्या मागं समोरासमोर दोन बाकं टाकून लोक नेतात. तिला 'सोंगथेव' म्हणतात, म्हणजे 'दोन रांगा'. आपल्या जीपच्या मागच्या बाकांचंच वर्णन! ठरलेल्या रस्त्यावर मुकाट चढायचं, उतरायच्या ठिकाणी घंटी दाबायची आणि ठरलेलं भाडं द्यायचं. पण रिकामी गाडी थांबवून 'अमुक ठिकाणी किती घेणार?' असं विचारलं, की तिची स्पेशल होते. नवखा पर्यटक तिथंच फसतो.

मग अडचण काय? साधनांची. एसटीचे टप्पे, भाडेतक्ते, आगारांच्या नोंदी आणि अहवाल असतात. काळी-पिवळीचा कागद सापडतो तो आरटीओच्या परवान्यात, दंडाच्या पावतीत, नाहीतर अपघात दाव्याच्या निकालात. नुसत्या कागदावर विसंबलात तर तुमच्या इतिहासात ती जीप फक्त नियम मोडेल आणि उलटेल. रोज तिच्यातून कॉलेजला गेलेली पोरगी किंवा हळदीचं पोतं टपावर टाकून निघालेला माणूस त्यात कुठंच येणार नाही. दुय्यम साधनं वाचून प्रस्ताव लिहिणाऱ्यांकडून नेमकी हीच चूक होते.

यावर माझा उपाय विज्ञानवाल्याचा आहे. परिस्थितीनं आपणहून घडवलेले प्रयोग शोधायचे. 2021 च्या नोव्हेंबरपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. नंतर 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. दोन्ही तारखा पक्क्या आहेत, आणि माणसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. वही घेऊन पाटीवर बसा. 'पूर्वी कशानं जायचात?' असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघम मिळेल. संपात दवाखान्याला कशानं गेलात, किती पैसे पडले, परत यायला गाडी मिळाली का, हे विचारा. बायांना अर्ध्या तिकिटानंतरचं विचारा. आणि मग जीपवाल्यांना विचारा, त्या मार्चनंतर मागच्या बाकावर कोण उरलं.