मुठीत मावणारे पिस्तूल

१४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडणाऱ्या जॉन बूथचे पिस्तूल जेमतेम ६ इंच लांबीचे होते. ते घडवले फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने. जुन्या चकमकीच्या पिस्तुलात बशीतली दारू सांडे, दमट होई. ते भरून खिशात बाळगणे बेभरवशाचे. मर्क्युरी फल्मिनेट भरलेली तांब्याची टोपी आली, तेव्हा ही अडचण सरली. (रसायनशास्त्राचा हा वाटा आपण वर्गात क्वचितच सांगतो!) शस्त्र म्हणून ते कसे जोखावे? नळी अडीच इंचांची, त्यामुळे लांबचा नेम कठीण. गोळी एकच, म्हणून गिऱ्हाईक बहुधा जोडी घेई. आमच्या मते लपवता येणे एवढाच त्याचा गुण. बूथला तेवढा पुरला. अडवायला धावलेल्या मेजर रॅथबोनवर मात्र त्याला सुरा चालवावा लागला.