वीरधवल खाडे यांची जलतरण कारकीर्द : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कुस्ती, कबड्डी व क्रिकेट यांभोवती झालेले दिसते. जलतरणाची नोंद त्यात तुरळक आढळते. वसई परिसरात समुद्र, खाडी व बावखळे यांच्या सान्निध्यामुळे पोहणे अपरिचित नाही. तथापि, पोहता येणे आणि मोजलेल्या अंतरात शतांश सेकंदासाठी झुंजणे या भिन्न गोष्टी होत. दुसरी गोष्ट केवळ पाण्याच्या सान्निध्याने साध्य होत नाही. तिला संस्थात्मक आधार लागतो. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांच्या कारकिर्दीच्या आधारे हा मुद्दा प्रस्तुत लेखात मांडला आहे.

बटरफ्लाय शैलीची पार्श्वभूमी :
चार स्पर्धात्मक शैलींपैकी बटरफ्लाय ही सर्वांत अर्वाचीन शैली होय. ब्रेस्टस्ट्रोकमधून विकसित झालेल्या या शैलीला १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तीत दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे आणावे लागतात, पाय जोडीने हलवावे लागतात व भिंतीला दोन्ही हातांनी स्पर्श करावा लागतो. लय चुकली की वेग तत्काळ घटतो. १९८६ च्या सेऊल आशियाई स्पर्धेत खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर चोवीस वर्षे भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक लाभले नाही.

कारकिर्दीतील टप्पे :
२९ ऑगस्ट १९९१ रोजी जन्मलेल्या खाडे यांनी पुढील प्रशिक्षण बंगळूर येथे निहार अमीन यांच्याकडे घेतले. वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाईल प्रकारांत उतरले. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझू येथे त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देऊन कांस्यपदक पटकाविले व चोवीस वर्षांचा खंड संपविला. २०११ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. ज्या प्रकारात हे पदक मिळाले, तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच. ५० मीटर बटरफ्लायचा समावेश २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी २०२५ मध्ये मंजूर झाला. खाडे यांच्या ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या यशस्वी प्रकाराला सर्वोच्च व्यासपीठच उपलब्ध नव्हते.

दुसरा प्रश्न उपजीविकेचा. राज्य शासनाने त्यांना तहसीलदारपदी नियुक्त केले. मालवण येथेही त्यांनी हे पद सांभाळले. हा गौरव निश्चितच होता. परंतु महसुली प्रशासनाची जबाबदारी आणि दररोजचा कठोर सराव यांचा मेळ घालणे सोपे नसते. तरीही २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र २२.४७ सेकंदांसह ते चौथे आले. कांस्यपदक अवघ्या एका शतांश सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेनंतर त्यांनी निवृत्ती घेतली.

निष्कर्ष :
खेळाडूला पदकानंतर नोकरी देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. मात्र ती नोकरी त्याच्या सरावाला पूरक असावी, याचा विचार नियुक्तीच्या वेळीच व्हावयास हवा. एका शतांशाचे मोल ज्या क्षेत्रात इतके मोठे, तेथे सरावाचा गमावलेला प्रत्येक महिना मोजावा लागतो. आपल्या महाविद्यालयांतील खेळाडूंकडे पाहतानाही हे भान ठेवणे अगत्याचे आहे.