चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मितीचे प्रशिक्षण, महाराष्ट्रातील

दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिलेखन, संकलन, कलादिग्दर्शन इ. निर्मितिकौशल्ये तरुणांना शिकविण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ती प्रथम निर्मितिसंस्थांतील उमेदवारीच्या स्वरूपात रूढ झाली; विद्यालयीन शिक्षण नंतर आले आणि तेही उमेदवारीची पद्धत मोडल्यामुळे.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत तंत्राची माहिती करून घेतली. परतल्यावर त्यांचे घर हीच पहिली शाळा ठरली. पत्नी सरस्वतीबाई यांना त्यांनी फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती रसायनात धुण्याचे काम शिकविले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत मात्र शिक्षणाला परंपरेचे रूप आले. बाबूरावांनी कॅमेराही स्वतःच्या हातांनी घडविला होता. साहजिकच त्यांच्या हाताखालचा उमेदवार रंगकाम, सुतारकाम, यंत्रदुरुस्ती आणि अभिनय यांत भेद करीत नसे. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर व व्ही. शांताराम हे याच कंपनीत घडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. बोलपट आल्यावर दामले यांनी ध्वनिलेखनाची जबाबदारी उचलली. मुळात ते चित्रकलेच्या वातावरणात वाढलेले होते, ही गोष्ट त्या शिक्षणाच्या व्याप्तीची कल्पना देते.

प्रभात १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथे कलावंत व तंत्रज्ञ मासिक वेतनावर असत. नवशिक्याला शिकण्यासाठी वेळ मिळे आणि चुकीचा खर्च कंपनी सोसे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात गुरुदत्त व देव आनंद हे तरुणपणी येथेच वावरले. या पद्धतीचे गोडवे नेहमी गायिले जातात. पण तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. प्रवेश ओळखीने मिळे, ज्ञान लेखी स्वरूपात उतरत नसे आणि शिकणारा काय शिकेल हे सर्वस्वी शिकविणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही घडी विसकटली. शांताराम १९४२ मध्येच प्रभातमधून बाहेर पडले होते. दामले १९४५ मध्ये निवर्तले. चित्रपटाच्या धंद्यात तात्पुरते भांडवलदार आले, वेतनाऐवजी करार आले. एका चित्रपटापुरती जमलेली मंडळी चित्रपट संपताच पांगू लागली. अशा व्यवहारात उमेदवाराला पोसणे कोणालाच परवडणारे नव्हते. १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात प्रशिक्षणसंस्थेची शिफारस केली. ती अंमलात येण्यास नऊ वर्षे लागली. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्रालयाने १९६० मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन केली, ती बंद पडलेल्या प्रभातच्याच आवारात. पहिले प्राचार्य गजानन जागीरदार (१९०७–८८) स्वतः प्रभातच्या चित्रपटांतून नावारूपास आलेले होते.

संस्थेने प्रवेशासाठी ओळखीऐवजी परीक्षा ठेवली. हा बदल इमारतींपेक्षा महत्त्वाचा होय. केरळचे अदूर गोपालकृष्णन, कर्नाटकचे गिरीश कासारवल्ली, आसामचे जाह्नू बरुआ यांसारखे परप्रांतीय विद्यार्थी येथे शिकले आणि आपापल्या भाषांत परतले. ऋत्विक घटक यांचे येथील अध्यापन अल्पकाळाचे असले, तरी मणी कौल व कुमार शहानी यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. प्रभातच्या उमेदवाराला न लाभलेली गोष्ट, म्हणजे जगभरचे चित्रपट पुनःपुन्हा पाहण्याची सोय, विद्यार्थ्यांना मिळाली. मुंबईच्या व्यावसायिकांनी पदविकाधारकांकडे बराच काळ संशयाने पाहिले. छायालेखक के. के. महाजन व संकलक रेणू सलुजा यांच्यासारख्या तंत्रज्ञांच्या कामामुळे तो संशय ओसरला. अभिनय अभ्यासक्रम मात्र वादग्रस्त ठरून काही वर्षे बंद राहिला.

दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण वेगळ्या वाटेने आले. दिल्लीत १९७१ मध्ये सुरू झालेले केंद्र १९७४ मध्ये पुण्यास हलविण्यात आले आणि संस्थेच्या नावात दूरचित्रवाणीचा समावेश झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते व देशात नवी केंद्रे निघत होती. म्हणून हा विभाग आरंभी मुख्यतः दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांसाठी चाले. बाहेरच्या तरुणांसाठी त्यात स्वतंत्र अभ्यासक्रम बऱ्याच उशिरा आले.

अंकीय कॅमेऱ्यामुळे फिल्मचा खर्च गेला व शिकण्याची जागा पुण्या-मुंबईपुरती उरली नाही. २०१७ पासून संस्थेने अन्य शहरांतही अल्पमुदतीचे वर्ग भरविले. दिवे लावणारे, देखावे उभारणारे, वेशभूषा सांभाळणारे कारागीर यांतील बहुतेकजण मात्र आजही आपले काम एखाद्या जाणत्याच्या हाताखालीच शिकतात. त्यांना ना प्रमाणपत्र मिळते, ना शिकतानाच्या काळात निश्चित वेतन.